हलू नका

चाळीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो:
हनुवटी थोडी खाली. हं. हलू नका.
नवऱ्या मुली, बारशाची बाळं,
बोटीवर नोकरीला निघालेली शिरोड्याची पोरं,
सगळी श्वास धरून बसली याच स्टुलावर.
मागे हा निळा पडदा,
कडेला खाणीच्या धुळीची तांबूस रेघ.

आता पंचवाडीत फोटोला कुणी येत नाही.
आलं तर झेरॉक्सला.
एप्रिलच्या शेवटी प्रमिलाने टोपलीतला कारांदा दाखवला,
मोड आलाय, पुरून टाकू?
म्हटलं, थांब. बसव त्याला स्टुलावर.

कॅमेरा तिवईवर. फोकस हाताने, उजेड हाताने,
आपोआप काही ठेवलं तर चित्र लुकलुकतं.
खिडकीला काळा कागद. एक ट्यूब, दिवसरात्र.
दर दहा मिनिटांनी खट्.
आम्ही पलीकडे झोपलेले, आणि खट्.
प्रमिला म्हणाली, ही पाल विजेचं बिल मोजतेय.

एस्पेरांसा आधार कार्ड घेऊन आली, आत डोकावली.
"कितें रे, कारांद्याचें लग्न काडटा?"
हसली. मग पडद्याकडे बघत राहिली जरा वेळ.
तिच्या कायतानचा शेवटचा पासपोर्ट फोटो इथलाच.

नऊ दिवस. बाराशे शहाण्णव फोटो व्हायला हवे होते,
झाले बाराशे चौऱ्याऐंशी.
मंगळवारी रात्री वीज दोन तास नव्हती.
जोडले तर साडेत्रेपन्न सेकंद.
वीज गेली त्या जागी वेल दचकते, तेवढंच.

पाहिलं.
आधी काही नाही. मग डोळ्यातून एक जांभळट बोट,
मग ते बोट उठलं
आणि हवेत फिरायला लागलं.
वाढणं म्हणजे मला वाटायचं वर जाणं.
हे तर चाचपणं होतं,
परक्या घरात काळोखात दिव्याचं बटण शोधतात तसं,
गोल, गोल, वाकून, कोलमडून, पुन्हा गोल,
दोन तासांची एक फेरी, इथे अर्ध्या सेकंदाची.

मध्येच एक हात. हिरव्या बांगड्या, पाण्याचा गडू.
एका चित्रापुरता.
प्रमिला म्हणते, मी रोज सकाळी तिथे उभी असायचे,
बराच वेळ.
दोन खट्‌च्या मधे असणार.
मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी शेंडा माझ्याकडे येतो,
मोठा होतो, धूसर होतो,
चित्राबाहेर जातो.
उठून बघितलं. लोंबणाऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला
अडीच वेढे.
कार्ड काढताना दिसलं नव्हतं, चष्मा कपाळावर होता.

दुसऱ्या दिवशी बोरीला साखरपुडा, नाईकांकडे,
वर्षातलं तिसरं काम. कॅमेरा हवा होता.
प्रमिला म्हणाली, पट्टा काप.
पट्टा महाग आहे.
बोटाने एकेक वेढा उलटा सोडवला,
स्टुलाला बांबूची काठी बांधली.
शेंडा लोंबत राहिला. हलेना,
निदान मला दिसेल असा हलेना.

बोरीत मुलगी खुर्चीवर बसली, हात मांडीवर.
मी भिंगामागून म्हटलं, हलू
आणि पुढचा शब्द आलाच नाही.
ती वाट बघत राहिली.
मग आतून कुणीतरी हाक मारली, तिची मान वळली,
हसू अर्धवट आलं,
तेव्हा मी बटण दाबलं.
फोटो किंचित हललेला आलाय.
नाईक पैसे कापतील.

रात्री घरी पोचलो. काठीवर एक वेढा,
दुसरा अर्धा, अजून सैल.
किती वेळा हुकलं, कुठून वळलं, माहीत नाही.
त्या दिवसाचा फोटो नाही.