घोड्याच्या जागी बूच

डॉक्टर म्हणाला, रोज थोडं चालत जा.
थोडं म्हणजे किती ते बोलला नाही,
म्हणून एल्बिओनं स्वतःच ठरवलं : सात चौक.
सात जायचे, सात यायचे.
तेव्हापासून मोंतेव्हिदेओ एवढंच आहे.
बाकीचं शहर आम्ही
लोकांना वापरायला दिलंय.

सातांत काय काय बसतं ते मी मोजलंय.
ताज्या पास्त्याचं दुकान,
जिथं नंबराचा कागद हातात धरून
अख्खा मोहल्ला एकमेकांच्या तब्येती विचारतो.
एक क्लब : पाटीवर फुटबॉल, आत नुसते पत्ते.
वाचनालय, मंगळवारी बंद.
सोमवारीही, विचारलं तर.
सिनेमाच्या जागी आता प्रार्थना चालते,
खुर्च्या त्याच आहेत म्हणे,
डावीकडची तिसरी अजून करकरते.

भाची यानिना म्हणते, मॉलमध्ये चला ना मामी,
गारवा असतो, बसायला बाक, सरकते जिने.
एल्बिओ म्हणतो, जिनाच चालणार असेल
तर डॉक्टरला काय सांगू?

रविवारचा बाजार आठव्या चौकात भरतो.
तिथं मी एकटी जाते.
थर्मास बगलेत, माते हातात,
प्लेन झाडांचा कापूस डोळ्यांत.
टोमॅटो, कासवं, दारांच्या मुठी,
कुणाच्यातरी लग्नाचे फोटो, चौकटीसकट.
मी काही घेत नाही. मी घोडा शोधते.

आमच्या बुद्धिबळात एक काळा घोडा नाही.
एकोणीस वर्षं नाही.
तो गेला तेव्हा घरात एक लहान मूल होतं,
एवढंच सांगते.
ते मूल आता बार्सिलोनात लिफ्ट दुरुस्त करतं,
फोनवर विचारलं की हसतं, गिळला असेन म्हणतं.
घोड्याच्या जागी आम्ही वाइनचं बूच ठेवलं,
खालून जांभळं झालेलं.
बूचही अडीच घरंच चालतं.

तेचेरा नावाच्या माणसाच्या चादरीवर
सगळं एकेकटं असतं :
एक डूल, डाव्या पायाची स्केट,
झाकणाविना किटली, किटलीविना झाकण.
त्या दिवशी बुटांच्या खोक्यात
कुठकुठल्या मोडलेल्या डावांची माणसं पडलेली.
कोपरापर्यंत हात घातला.
कान तुटका, पण घोडा. काळा.

एकटा देत नाही, तेचेरा म्हणाला.
हा गेला तर बाकीच्यांना कोण नेणार?

एकोणतीस तारखेला न्योकीच्या बशीखाली
बरकतीसाठी ठेवतात ती नोट
अजून माझ्या पाकिटात होती. तीच दिली.
सोळा प्यादी, तीन उंट, दोन वजीर
आणि घोडा, पिशवीतून वाजत घरी आले.

संध्याकाळी कोपऱ्यावर जाळ पेटला.
पोरं ढोल आडवे करून चामडी तापवत होती,
बोटानं टिचकी, कान लावून ऐकायचं, पुन्हा जाळ.
आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या,
संत्र्यांच्या खोक्यावर पट मांडला.
नवा घोडा राजापेक्षा उंच.
घर पुरेना त्याला, शेजारच्या उंटाला धक्का.

एल्बिओ चार चाली खेळला.
पाचवीला घोडा उचलला, धुराकडे धरला,
तुटक्या कानावरून अंगठा फिरवला.
मग खिशात हात घालून बूच काढलं.
खिशात! म्हणजे घरातूनच घेऊन आला होता.

चांगला आहे गं, म्हणाला,
पण ह्याची सवय होईपर्यंत मी हरेन.

ढोल निघाले. पट थरथरला,
बूच आडवं झालं, मी उभं केलं.
तरीही तोच हरला.

प्यादी आता फळांच्या टोपलीत आहेत.
घोडा खिडकीत, तोंड बाजाराकडे.
काल दाढी करता करता एल्बिओ विचारतो,
आठवा चौक कसा आहे?

चढ आहे, मी म्हटलं.

तो बुटांकडे बघत बसला,
अर्ध्या गालावर फेस.