सुटं

डिसेंबरात ग्रिम्सबीला चारलाच अंधारतं.
कीथ ब्लँचर्ड चिठ्ठीसोबत
एक पांढरा डबाही काउंटरवर ठेवतो.
झाकण काढताना हात थरथरतो त्याचा,
बाहेर बर्फाळ वारा, आणि कपाळावर घाम.

"काही नाही, पोरी," तो म्हणतो,
"दुधात असतं तेच. टर्कीत असतं तेच.
नुसतं वेगळं काढलेलं."

डब्यावर परदेशी पत्ता, खाली ट्रिप्टोफॅन,
मुक्त अमायनो आम्ल.
इथे राहून पंचवीस वर्षं झाली तरी
मी लेबलं मनात मराठीत लावते.
मुक्त नव्हे. सुटं.
दुधात ते माळेत ओवलेलं असतं,
पोट सावकाश एकेक गाठ सोडवत बसतं,
मग मेंदूच्या दाराशी रांग, बाकीच्यांची रेटारेटी.
हे मात्र एकटंच, रिकाम्या रस्त्यावरून.

आणि आत मे महिन्यापासून
डॉक्टरांची गोळी आहेच, मॉरीन गेल्यानंतरची.
एकीने मोरीला बोळा घातलाय,
दुसऱ्याने नळ सोडलाय.

"किती घेता?"
"दोन. डोळा लागला नाही तर तीन.
परवा मोजल्या नाहीत."
"डॉक्टरांना सांगितलंत?"
"ते औषध कुठंय?"

मी डबा माझ्या बाजूला ओढते.
नाडी धरते. एकशे बारा.
आजपासून हे बंद, म्हणते,
तुमची गोळी मात्र मनानेच सोडू नका,
आणि सर्जरीला फोन लावते.
पलीकडे पियानो वाजत राहतो,
तुमचा क्रमांक सातवा.

"मग झोपू कसा?" तो विचारतो,
मला नव्हे, खोकल्याच्या बाटल्यांच्या फळीला.
"तिची उशी रोज झटकतो अजून."

ओठांवर येतं, कोमट दूध घ्या,
वर थोडं जायफळ...
आई सहाणेवर उगाळायची,
दोन वळसे, कधी चार,
आम्ही भावंडं जेवढी दंगा करू तेवढे.
कुणी मोजले होते?
मी तोंड मिटते.

क्रमांक तिसरा. दुसरा.
कुणीतरी हॅलो म्हणतं.
मी त्याचं नाव सांगते, जन्मतारीख,
मग डब्यावरचं नाव, अक्षर अक्षर सुटं करून.
तो खुर्चीत बसलेला,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.