हातचा एक

मॉन्टाना. उणे एकतीस.
ऑर्व्हिल ट्वेट पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडतो:
डिझेल इंजिनाचे दहा हजार जास्तीचे,
इंजेक्टर दोनदा,
आणि ते निळ्या झाकणातलं पाणी,
ज्याचं नाव त्याला कधी पाठ झालं नाही.

समोरच्या रकान्यात ओढलेली ओझी.
गवताचे गठ्ठे.
मेव्हण्याचं घर, अख्खं, चाकांवर.
घोड्यांचा ट्रेलर, वर्षातून दोनदा;
गेल्या ऑक्टोबरात एकदाच,
आणि येताना रिकामा.
चढावर ट्रकला फरक कळलाही नाही.

आता ओढायचं काय, तर दूध आणि टपाल.
चार आण्यांची कोंबडी.
मुलगी फोनवर म्हणते, विकून टाका,
पेट्रोलवरची लहान गाडी घ्या.
तो हो म्हणतो. मनापासून म्हणतो.

मग रात्री नऊला बूट चढवून
बर्फातून जातो,
बंपरखालची वायर प्लगात खुपसतो
इंजिन गोठू नये म्हणून,
आणि बॉनेटवर हात ठेवून जरा थांबतो,
गाभण घोडीच्या पोटावर ठेवायचा तसा.

परत येऊन बेरीज पुन्हा करतो.
तोटाच.
फक्त एक हातचा धरलेला,
तो कुठल्या रकान्यात मिळवायचा
ते ठरत नाही.