साल

अर्जात लिहिलंय, "कडुनिंबास कीड. त्वरित फवारणी व्हावी."
खाली अकरा सह्या, एक अंगठा.

देवपुरात, पाण्याच्या टाकीकडे वळताना
मी आधी लांबच उभी राहते.
लोटनला हे आवडत नाही. तो शिडी लावून मोकळा,
खांद्यावर पंप.
"आठे दखा ना ताई, भोकंच भोकं."
दिसतील. भोकं कुठं जात नाहीत.
पण झाड दुरून जे सांगतं ते बुंध्याशी सांगत नाही.
शेंडा वाळलाय, तोही रस्त्याकडचाच.
शाळेकडची बाजू भर मे महिन्यात दाट,
एकाच झाडात दोन गल्ल्या असाव्यात
आणि नळ एकीलाच आलेला असावा, तशी.

मग जवळ.
बुंधा मातीत शिरताना पसरतो,
हत्ती पाय टेकतो तसा.
हा खांबासारखा सरळ गेलाय
लाल-पिवळ्या पेव्हर ब्लॉकांत.
म्हणजे घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत पुरलाय.
रसवंतीची पाटी, सहा खिळे.
कुठल्याशा दिवाळीची माळ. वायर सालीत रुतलेली,
वर फुगवटा,
अंगठी न निघणाऱ्या बोटासारखा.

रसवंतीवाला हिंमत चिपाडं बाजूला लोटतो.
"कडू झाडले बी कीड लागस का हो?"
लागते.
कडू व्हायलासुद्धा पाणी लागतं.

भोकं लांबट. भुसा चिमटीत घेते,
बाजरीच्या भरड्यासारखा, कोरडा, जुना.
वाळवीचे मातीचे माग बोटाने खरवडले
तर आत मेलेली साल, फक्त मेलेली.
डहाळ्यांवर खवले कीड, नखाने निघते.
सगळे आलेत. हजेरी पूर्ण.
पण दारात माणसं जमली
म्हणजे त्यांनीच मारलं, असं नसतं.

एक डहाळी वाकवून मागं मागं मोजत जाते.
यंदाची वाढ बोटाचं पेर,
गेल्या वेळची दोन बोटं, त्याआधीची तीन,
आणि त्याच्याही मागं एकदम वीतभर.
"इथं काय झालं होतं? कुठली साल?"
लोटन बुंध्यावर हात ठेवतो.
"हाई साल? हाई ते सुटी गयी."
मी हसते. तो हसत नाही,
हातात आलेला तुकडा
परत जागेवर बसतो का बघतो.

हिंमत मात्र बोटं मोजतोय.
पोऱ्याची बारावी. गटारीचं काम. जेसीबी.
चर इथूनच गेला, बुंध्यापासून हातभर.
मुळं मांडीएवढी निघाली,
भाचीच्या हळदीला कामी आली.
"दोन दिन चुल्हा चालना त्यासवर."
एवढं बोलून तो झाडाकडे बघतो,
पहिल्यांदाच, वरपर्यंत.

फॉर्मवर 'कारण' पुढे एकच ओळ असते.
कीड लिहिलं तर औषध उद्याच मंजूर.
चर लिहिला तर फाइल तीन टेबलं फिरते,
आणि तिसऱ्या टेबलावर
चर काढणारेच बसतात.

लोटनने पंपाचं झाकण उघडून ठेवलंय.
"मंग मारू नको?"
नको.
माळ काप. खिळे राहू दे, ते आता झाडाचेच.
हे ब्लॉक उचल, हळू, पहारीने नको.
आणि पाणी बुंध्याशी ओतू नकोस,
बुंधा पीत नाही.
दुपारची सावली संपते तिथं ओत,
ती स्कूटर उभी आहे ना, तिथं.

हिंमत खिशात चावी शोधतो.

मी शिडी चढते.
रस्त्याकडच्या फांदीला नख लावते. तपकिरी.
वीतभर खाली, तपकिरी.
आणखी खाली, फांदी फुटते त्या काखेत,
ओलं.
हिरवं म्हणावं का, ठरत नाही.
फॉर्मवर तेवढी जागाही नाही.
उतरते, नख न पुसता
'कारण' पुढे चर लिहिते,
ओळ संपल्यावर समासात
सालसुद्धा.