तिसरी खाच

शारजा, इंडस्ट्रियल तेरा. शटर अर्धं वर.
पंखा फिरतोय, म्हणजे भट्टीतलीच हवा
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतोय.
रात्रीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत
अकरा गाड्या बाहेर पडायला हव्यात.

सातवा गुलशेर. म्हणतो, चेन खडखडते,
आवळून टाक एकदाची,
अशी, की पुन्हा इथं यायला नको.

सगळेच म्हणतात.
नवा होतो तेव्हा मीही तशीच आवळली होती एक.
हमदुलेंनी हातातला पाना माझ्या बोटांवर ठेवला.
मारला नाही. नुसता ठेवला, त्याचं वजन कळेपर्यंत.
"ढिली चेन निदान ओरडते रे.
आवळलेली गप्प बसते
आणि आतून बेअरिंग खाते."

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रल.
मागचं चाक हातानं फिरवायचं, सावकाश,
खालच्या पदराला बोट लावून.
चेन सगळीकडे सारखी नसते.
कुठे रेती शिरलेली, कुठे एखादी कडी आखडलेली;
तिथे चाक हाताला जड लागतं,
कळेल न कळेल इतकंच.
ती जागा सापडेपर्यंत पान्याला शिवायचं नाही.
सापडली की खडूची खूण, आणि माप तिथलं.
ढिल्या जागी मोजून ताणलीस
तर आवळ जागी जीव जातो तिचा.

मग चोवीसचा पाना, एक्सलचा नट मोकळा.
दोन्हीकडचे लॉकनट.
डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा,
आणि घाई असली तरी पावच.
स्विंगआर्मवरच्या रेघा पाहायच्या, मानायच्या नाहीत;
कारखान्यातून निघाल्या तेव्हा खऱ्या असतील,
त्यानंतर ही गाडी तीनदा पडलीय.
म्हणून चाकापासून चाकापर्यंत दोरी धरायची,
हिरवी, नायलॉनची, जाळ्यातून कापलेली.
हमदुले हर्णैचे. दोरी त्यांचीच.

मालकानं डिजिटल माप आणलंय,
डब्यात आहे, नवंकोरं.
मी वापरतो खजुराच्या झावळीचा दांडा, वीतभर,
करवतीनं तीन खाचा पाडलेला.
पहिली खाच रिकाम्या गाडीची.
दुसरी, माणूस बसल्यावरची, पेटी भरलेली धरून.
"बस, गुलशेर."
तो बसतो. पेटी रिकामी, म्हणून
मी तिच्यात ऑइलचा डबा ठेवतो.
चेन खाचेच्या वरच राहते.
दिवाळीच्या सुमारास आला होता तेव्हा
एका डब्यात माप बसलं होतं.
आज दुसरा ठेवावा लागतो.
तो समोरच्या भिंतीकडे बघत राहतो,
मी खाचेकडे.

शेवटी चिंधीची गुंडाळी
चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये,
चाक मागे ओढून धरायचं,
चिंधी चावली गेली पाहिजे,
म्हणजे एक्सल बोल्टांना टेकून बसतो.
मग नट. टॉर्कचा पाना टक् म्हणतो.
त्याच्यापुढे एक केसही नाही.
नवी पिन, पाय दुमडून.

"अजून हलतेय," गुलशेर बोट लावून म्हणतो.
हलणारच. खड्डा आला की मागचं चाक वर उठतं,
तेव्हा कुठून आणणार चेन ती जास्तीची लांबी?
हे मला त्याच्या भाषेत सांगता येत नाही.
मी दोन बोटं दाखवतो, एवढी.
तो पण दोन बोटं दाखवतो. हसतो.
पेटीतला एक डबा विसरून तसाच निघतो,
मी हाक मारत नाही.

तिसऱ्या खाचेचं राहिलंच.
साठी झाली, व्हिसा संपला, हमदुले गेले,
जाताना दांडा माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून.
पंधरा दिवसांनी फोन केला.
गुडघ्यांचं बोलले, सुरमईचा भाव सांगितला,
शेवटी मी विचारलं, तिसरी कशाची?
"कुठली तिसरी?" म्हणाले.
"मी दोनच पाडल्या होत्या."

दांडा मी बदललेला नाही.
इथे दुसरं कोणी त्याला हात लावत नाही.
रोज एखाद्या गाडीला तिसरी लावून बघतो,
कशालाच बसत नाही.

आठवा, दे इकडे. मधल्या स्टँडवर लाव.