संकेतार्थ

नाँतमध्ये, जुन्या गोदीमागच्या गल्लीत
अकरा टेबलांची खानावळ.
मी मागे बशा धुवायचो. मार्चपासून पुढे आलो,
काळा अ‍ॅप्रन, इस्त्रीचा शर्ट, आणि जीभ मात्र ओली, बिनइस्त्रीची.

मारिव्होनने पहिल्याच दिवशी बजावलं :
"ज व्हो", म्हणजे मला पाहिजे,
हे पाळण्यातली पोरं म्हणतात, नाहीतर राजे.
राजांचं पुढे काय झालं ठाऊक आहे ना?
इथे म्हणायचं, "ज व्हुद्रे".

मी ते मनातल्या मनात माझ्या भाषेत उलटवलं,
तर निघालं : मला आवडलं असतं.
आवडलं असतं, पण राहून गेलं.
सूप आवडलं असतं. लोण्यातला मासा आवडला असता.
अख्खं जेवण
न घडलेल्या गोष्टींच्या काळात मागायचं,
आणि ते यायचं की खरोखर, वाफाळत, ताटात.

दुसरं क्रियापद त्याहून फसवं : पुरे.
"एस्क ज पुरे", अजून थोडा पाव मिळेल का.
पुरे म्हणत म्हणत जास्त मागणारी माणसं
मी तिथेच पाहिली.

आणि सगळ्याआधी बोंजूर.
चुटकी वाजवून बोलावणाऱ्या एका साहेबांना
तिने वीस मिनिटं ताटकळत ठेवलं,
समोरच उभी राहून मीठदाण्या पुसत.

गुरुवारी केर्दोंकुफ नवरा-बायको यायचे.
तो गोदीतला वेल्डर, आता निवृत्त.
त्याचं वाक्य लांबच लांब, टायच्या गाठीसारखं :
आपल्याला फारसा त्रास होणार नसेल, मादाम,
तर एक सुरई पाणी, नळाचंच, शक्य झालं तर.
जानीन टेबलाखालून त्याला पाय मारायची.
पाणी माग रे, म्हणायची, लग्नाची मागणी नको घालूस.

नोव्हेंबरात तो एकटा आला.
कोट काढला नाही. बोंजूर नाही.
खिडकीकडे बघत म्हणाला, "पाव."
मग, "पाणी."

मी मारिव्होनकडे पाहिलं.
वाटलं, आता मीठदाण्या निघणार.
तिने स्वतः पाव कापला,
त्याला आवडायचा तो कडेचा, करपट तुकडा वर ठेवला,
सुरई नेऊन दिली. एक शब्द नाही.
मुदपाकखान्याच्या दारात मला हळूच म्हणाली,
"आज त्याच्यापाशी सुटे नाहीत."

तीन वाजले. खुर्च्या टेबलांवर चढल्या, एक सोडून.
पैसे मोजून त्याने बशीत ठेवले,
दारापर्यंत गेला, कडीला हात लावला,
आणि वळून, एकेक बटण लावत, सावकाश म्हणाला,
"बोंजूर, मादाम."

खरं तर निरोपाची वेळ.
"बोंजूर, मस्यो," ती म्हणाली,
जणू तो आत्ताच आत येत होता.

मी टेबल आवरलं.
पावाचा तो करपट तुकडा त्याने खाल्ला नव्हता.
रुमालात गुंडाळून नेला असावा, कारण
रुमालही नव्हता.