छाट

सूप मांडीवर मावेना तेव्हा कळलं, सातवा सरला.
पोट पुढं आलं तसं सूप गुडघ्यांवर सरकलं
आणि तंबाखू फरशीवर सांडू लागली.
"पाटावर घे," अत्ता म्हणाली.
लग्नाला तीन वर्षं झाली होती.
सासूनं माझ्या सोयीचं काही बोलायची ही पहिली वेळ.

कुंभारीच्या घरकुलात एप्रिलचा स्लॅब
रात्री अकरालाही तव्यासारखा.
भिजवलेली पानं ओल्या गोणपाटात,
गोणपाटाचं एक टोक माझ्या सुजलेल्या पायांवर.
पंखा लावायचा नाही, पंख्यानं तंबाखू उडते.
हजार विड्या म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे,
हे मी पोटातल्याला रोज मोजून दाखवायची.
दुसरं गाणं मला येत नव्हतं.

तपासणीच्या बाईंनी विचारलं, काम काय करता?
विड्या.
कधीपासून?
नववीत होते तेव्हापासून.
"आता बंद करा," त्या म्हणाल्या,
नळाला सांगावं तसं.
आमच्याकडं नळ पाच दिवसांनी येतो,
त्याला बंद हो असं कुणी म्हणत नाही.
पुढची तारीख दिली, सकाळी दहाची.
दहालाच कारखान्यात माल तपासतात.

सिव्हिलमध्ये एका खाटेवर आम्ही दोघी.
ती अक्कलकोटकडची, कन्नडमध्ये ओरडत होती,
मी तेलुगूत,
आणि सिस्टर आम्हा दोघींवर मराठीत.
पहाटे मुलगी झाली.
तिचा पाय शाईत टेकवून कागदावर उठवला.
करंगळीच्या टोकापर्यंत रेघ न् रेघ.
टाके घालेपर्यंत मी तेवढंच बघत राहिले.

बाळंतपणाच्या सरकारी पैशांना अंगठा लागतो.
पुसून लावा. दुसऱ्या हाताचा लावा.
जोरात दाबा.
दहा वर्षांत पानानं आणि दोऱ्यानं
कुठं नेल्या होत्या रेघा, कुणास ठाऊक.
"ताई, तुमचा अंगठाच येत नाही," पोरगा म्हणाला.
अंगठा तर होता.
मी त्याच्याकडं बघत उभी,
मागं रांग,
आणि दूध उतरून पोलकं भिजलेलं.

घरी आले तर अत्ता माझ्या पाटावर.
डोळ्यांपायी तिचं कार्ड बंद होऊन सहा वर्षं झाली.
माझं बंद पडू नये म्हणून
मी सिव्हिलला गेल्या दिवसापासून ती वळत होती, माझ्या नावावर.
तिनं सांगितलं नाही. शेजारच्या यल्लूबाईनं सांगितलं,
चेकरनं कट्टा हातात घेतला, उलटा केला,
म्हणाला, "श्रीवाणीची नाही ही विडी.
हा दोरा भूदेवीचा."
मशीनला माझा अंगठा ओळखू आला नाही,
त्या माणसाला सहा वर्षांनी तिची गाठ ओळखू आली.
ओळखली, हसला,
आणि दोनशे छाट काढली.

रात्री पोर उठली.
मी चिंचेनं हात धुतले, मग साबणानं, मग परत चिंचेनं.
तरी तिनं तोंड फिरवलं.
अत्तानं हात न धुता उचलली,
तंबाखूच्या वासासकट छातीशी घेतली,
आणि ती गप्प.
मला राग आला. अजून येतो.

अंधारात अत्ता तिच्या पायाची बोटं चाचपत होती,
कट्टा बांधायच्या आधी चाचपते तशी,
एकेक, दाबून, टोक बघून.
पाच.
आणि पाच.
"छाट नाही," म्हणाली.
मग पोर माझ्याकडं देत,
"झोप. सहाला पाणी यायचंय."